अप्पा हसले होते

फोटो काढायला खुर्चीवर बसलेल्या माणसाला मी पस्तीस वर्षं चारच गोष्टी सांगत आलो. मान सरळ. हनुवटी जराशी खाली. हसू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोळे मिटू नका.

कळंबच्या बसस्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. आता तो सूनबाई चालवते आणि माझ्यापेक्षा बरा चालवते. एसटीचा पास, रेशनकार्ड, परीक्षेचा अर्ज, बँकेचं पासबुक अशा कशाकशावर चिकटवलेले तालुक्यातल्या निम्म्या लोकांचे चेहरे मी काढलेले आहेत. घराघरांत हार घालून टांगलेल्या फोटोंतलेही बरेच माझेच. त्यातले काही जण फोटो काढताना धडधाकट होते आणि "रशीदभाई, जरा देखणा काढा" असं मला बजावून गेले होते.

'डोळे मिटू नका' हे का, तेही सांगतो. रोलच्या काळात एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघायचे आणि धुतल्याशिवाय आत काय आलंय ते कळायचं नाही. खेड्यातला माणूस दिवसाचं काम बुडवून फोटोला यायचा, आठ दिवसांनी न्यायला यायचा आणि डोळे मिटलेले निघाले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून मी आधीच दम भरायचो, "मी सांगेपर्यंत पापणी हलवायची नाही." लोक इतके गुणी की श्वासही धरून बसायचे. एक आजोबा तर फ्लॅश पडून गेला तरी तसेच बसून राहिले. मी पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली तेव्हा ओठ न हलवता म्हणाले, "आता हलू का?"

तालुक्याला ही शिस्त मी लावली, याचा मला अभिमान होता. तो उतरायला एक डॉक्टर मॅडम याव्या लागल्या.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. स्टुडिओ सूनबाईच्या ताब्यात देऊन मी फक्त लग्न-साखरपुड्याची कामं घेत होतो. तेव्हा शहरातल्या एका मेडिकल कॉलेजातून मेंदूच्या आजारांच्या एक डॉक्टर आमच्याकडे आल्या. त्यांच्याबरोबर कॉम्प्युटरचं काम करणारा एक इंजिनिअर. त्यांना खेड्यापाड्यांतल्या पन्नाशीपुढच्या माणसांच्या चेहऱ्याचं व्हिडिओ शूटिंग करून हवं होतं. लोक ओळखीचे असलेला, कॅमेरा चालवता येणारा माणूस पाहिजे म्हटल्यावर सगळ्यांनी माझंच नाव सांगितलं.

मॅडमनी मला कामाचं मर्म समजावलं ते असं. पार्किन्सन म्हणजे कंपवात. आपल्याला वाटतं, हात कापायला लागले म्हणजे कंपवात. पण काही माणसांचे हात कापायच्या आधीच चेहरा मंद होत जातो. पापण्या कमी वेळा लवतात. हसू उशिरा येतं, आलं तरी ओठांच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. आवाज बारीक होतो. घरच्यांना वाटतं वय झालं, नाहीतर स्वभाव बदलला. रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारा बदल कळत नाही. म्हणून त्यांच्या इंजिनिअरनं कॉम्प्युटरला चेहरा वाचायला शिकवलं होतं. तो चेहऱ्यावर ठिपके मांडतो, ओठ किती हलले, भुवया किती चढल्या, पापणी किती वेळा लवली ते मोजतो आणि शंका आली तर नावापुढं खूण करतो. खूण म्हणजे आजार नव्हे. खूण म्हणजे डॉक्टरकडे या, एवढंच. मॅडमनी मला निक्षून बजावलं होतं, "रशीदभाई, तुम्ही कुणालाही आजाराचं नाव सांगायचं नाही. तुम्ही फोटोग्राफर आहात. तपासायचं काम माझं."

मी म्हटलं, कबूल.

सुरुवात तेरखेड्यापासून केली. फटाक्यांचं गाव, माणसं ओळखीची. देवळाच्या सभामंडपात खुर्ची टाकली, मागं पांढरा पडदा लावला. माणूस बसला की आधी थोडा वेळ शांत बसवायचं, मग हसायला सांगायचं, मग नवल वाटल्यासारखा चेहरा करायला सांगायचा, शेवटी चार वाक्यं बोलायला लावायची. दोन दिवसांत काम उरकलं, शूटिंग पाठवून दिलं आणि मी मिशीला पीळ देत घरी आलो.

तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. आवाज घाबरलेला.

"रशीदभाई, त्या गावात काय चाललंय? कॉम्प्युटरनं जवळजवळ अख्ख्या गावावर खूण केलीय."

"अख्ख्या?"

"पोलीसपाटील, ग्रामसेवक, किराणा दुकानदार, देवळातले पुजारी, सगळे. आमचा इंजिनिअर विचारतोय, तिथल्या पाण्यात काही आहे का?"

संध्याकाळपर्यंत बसून सगळं शूटिंग पुन्हा पाहिलं आणि मग कपाळावर हात मारला. पडद्यावर माझाच तालुका बसला होता, मी शिकवला तसा. मान सरळ, हनुवटी खाली, ओठ मिटलेले आणि डोळे टक्क उघडे. समोर मी आणि माझ्या हातात कॅमेरा, म्हणजे पापणी हलवायची नाही, हे त्यांना कुणी वेगळं सांगायची गरजच नव्हती. कॉम्प्युटर बिचारा पापण्या मोजत होता आणि तेरखेडा माझ्या धाकानं पापण्या धरून बसलं होतं.

मॅडमना फोन केला. "मॅडम, पाण्यात काही नाही. ही साथ माझ्यामुळं पसरलीय." सगळं ऐकून त्या इतक्या हसल्या की त्यांना फोन बाजूला ठेवावा लागला. आमच्या घरात मात्र कौतुक झालं नाही. बेगम म्हणाली, "जिंदगीभर सब कू हसू नको, हसू नको बोले. अब भुगतो."

मग मी हसवायच्या उद्योगाला लागलो. ज्याला वाटतं हे सोपं आहे, त्यानं एकदा खेड्यातल्या साठीच्या माणसाला "हसा" म्हणून बघावं. पुरुष म्हणायचे, "उगंच कशापायी हसू? काय झालंय?" बायकांना हसू यायचं, पण ते यायच्या आधी पदर तोंडावर यायचा. एकानं तर मला उलट विचारलं, "हसल्यावर सरकारी योजनेतून नाव कटन का?" विनोद सांगून पाहिले. माझे विनोद ऐकून माझी सूनसुद्धा हसत नाही, तिथं परकी माणसं काय हसणार.

वाट दाखवली ती तेरखेड्याच्याच एका मावशीनं. सुतळीबॉम्बच्या वाती वळण्यात तिचा जन्म गेलेला. मी दोन-तीनदा "मावशी, हसा" म्हटल्यावर ती वैतागली.

"हस म्हणलं की हसाया आमी काय येड्या हावोत का? त्यापरीस नाव घ्याय सांग की."

"घ्या."

तिचा नवरा खांबाला टेकून उभा होता. तिनं तिकडं एक तिरपी नजर टाकली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली,

"सुतळीबॉम्बची वात वळते गोल गोल,
नामदेवरावांच्या ओरडण्यापुढं बॉम्बसुद्धा फोल."

सभामंडप हसून कोसळला. मावशी लाजली, हसली, भुवया उडवल्या, नवऱ्याकडं बघून डोळे मोठे केले. मॅडमनी यादीत लिहून दिलेलं सगळं, न सांगता, एका दमात. मी कॅमेऱ्यामागून बघत होतो. सहा वर्षांपूर्वी रेशनकार्डासाठी याच बाईचा फोटो मी काढला होता, आणि ती इतकी देखणी आहे हे मला तेव्हा दिसलंच नव्हतं.

त्या दिवसापासून आमची पद्धत बदलली. बायकांना उखाणा. आमच्या मोहल्ल्यात नाव घ्यायची रीत नाही, तिथं मी सासूची नक्कल करायला सांगायचो. ती सगळ्यांना लगेच जमायची. पुरुषांसाठी मात्र एकच औषध, मेव्हणा. ज्याचं शूटिंग करायचं त्याच्यासमोर त्याचा मेव्हणा आणून बसवायचा आणि आपण गप्प राहायचं. दोन मिनिटांत दोघांच्या चेहऱ्यावर असतील नसतील ते सगळे रंग येतात. ज्याला मेव्हणा नाही त्याला शेजारच्याचा उसना देत होतो. इंजिनिअरनं सुरुवातीला नाक मुरडलं, पण नवं शूटिंग पाहून त्यानं कॉम्प्युटरला ते शिकवलं आणि मग खुणा खरोखर थोड्या आणि नेमक्या येऊ लागल्या.

तरी चुका व्हायच्या. एका निवृत्त हेडमास्तरांवर पुन्हा पुन्हा खूण येत होती. मेव्हणा समोर बसवला तरी ओठ मिटलेलेच. मॅडम गाडी करून त्यांच्या घरी गेल्या, हातपाय तपासले, चालायला लावलं. सगळं ठीक. शेवटी हेडमास्तरांनी मॅडमना बाजूला घेऊन कबुली दिली. दातांची कवळी नवी होती आणि सैल होती. हसलं की खाली यायची. त्यांना मेंदूच्या डॉक्टरकडून दाताच्या डॉक्टरकडं धाडलं.

आता अप्पांबद्दल सांगतो. त्यांना विचारून लिहितोय. "लिवा की," म्हणाले, "फकस्त तुमी काढलेला फोटो छापू नका."

शिवलिंगअप्पांचं कळंबच्या मोंढ्यात धान्याचं दुकान. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. दुकानात पाय ठेवला की आधी थट्टा, मग चहा आणि मग जमलं तर ज्वारी, असा माणूस. त्यांच्या पत्नी काशीबाई सीमेपलीकडच्या कानडी मुलखातल्या, फटकळ आणि प्रेमळ. एकुलती मुलगी गौरी, शाळेत शिकवते. तिची सोयरीक जळकोटच्या एका शेतकरी घरात जमली होती आणि साखरपुड्याचं शूटिंग मीच केलं होतं. हे मॅडम यायच्या काही महिने आधीचं.

एका दुपारी गौरी स्टुडिओत आली. चेहरा उतरलेला.

"चाचा, साखरपुड्याचं सगळं शूटिंग आहे का तुमच्याकडं? कापाकापी न केलेलं?"

"आहे की. का गं?"

"त्यात कुठंतरी अप्पा हसलेले असतील. मला तेवढंच पाहिजे. एक फोटो निघाला तरी चालंल."

मग तिनं सांगितलं ते असं. जळकोटच्या पाहुण्यांनी साखरपुड्याचा व्हिडिओ भावकी जमवून पाहिला. त्यात मुलीचा बाप पहिल्यापासून शेवटपर्यंत दगडासारखा. व्याह्यानं गळाभेट घेतली तरी तोंडावर रेघ हलली नाही. कुणीतरी म्हणालं, याच्या मनात पोरगी द्यायची नाही, बायकोच्या हट्टानं देतोय. मुलाचे वडील मल्लप्पा मानी माणूस. त्यांनी निरोप धाडला होता, "मनात नसंल तर आत्ताच सांगा, आमी थांबतो." पत्रिका छापायला टाकायच्या थांबल्या होत्या.

"आणि घरात?" मी विचारलं.

"घरात आई रोज रडते. दीड वर्ष झालं, म्हणते, तुझे अप्पा माझ्यावर रागावलेत. मी जळकोटचा हट्ट धरला ना, म्हणून. अप्पांना विचारलं तर म्हणतात, मी कुठं रागावलोय? पण बोलतात इतकं हळू की तेही रागानंच बोलल्यासारखं वाटतं. चाचा, माझंच लग्न आणि माझ्यामुळंच घरात..."

आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढं बसलो. कुंकू लावताना, ओटी भरताना, पंगतीत, निरोप देताना. मी प्रत्येक ठिकाणी थांबवून पाहिलं. अप्पा कुठंही हसले नव्हते. एका ठिकाणी तर माझाच आवाज होता, "अप्पा, हसा की जरा, पोरीचा साखरपुडा हाय!" आणि अप्पांचा बारीक आवाज, "हसतोय की." त्यावर मी खो खो हसलेलो ऐकू येत होतं. मला तेव्हा वाटलं होतं, अप्पा नेहमीची थट्टा करतायत.

गौरीनं डोळ्याला ओढणी लावली. मी मात्र पडद्याकडं बघतच राहिलो. मेव्हणे बसवून, उखाणे ऐकून माझी नजर तोवर तयार झाली होती. मी अप्पांच्या पापण्या मोजू लागलो. मोजायला फारसं काही नव्हतं. इतके महिने हे माझ्याच कपाटात पडून होतं, आणि त्याच काळात मी गावोगाव हिंडून परक्यांचे चेहरे शोधत होतो. त्याची मला अजून लाज वाटते.

तोंडावर आलेला शब्द मी गिळला. मॅडमना वचन दिलेलं होतं. एवढंच म्हणालो, "गौरी, हे रागाचं नसंल गं. सोमवारी शाळेत आमचं शूटिंग आहे. अप्पांना घेऊन ये. आईलाही आण."

अप्पा येईनात. "मला काय धाड भरलीय?" म्हणाले. शेवटी काशीबाईंनी सांगितलं की तुम्ही आला नाहीत तर मी माहेरी जाते, तेव्हा आले. मॅडमही त्या दिवशी मुद्दाम थांबल्या होत्या. शाळेच्या हॉलमध्ये मोंढ्यातले दहा-बारा लोक होते. अप्पांसाठी मेव्हण्याची सोय नव्हती, म्हणून मी काशीबाईंनाच समोर बसवलं आणि म्हटलं, "वहिनी, नाव घ्या."

काशीबाईंनी पदर सावरला. नवऱ्याच्या डोळ्यांत बघून सावकाश म्हणाल्या,

"मोंढ्यात आली ज्वारी, गाडीला जुंपला घोडा,
शिवलिंगअप्पांचं नाव घेते, आता तरी राग सोडा."

हॉलमध्ये एकच हशा उठला. मॅडमसुद्धा हसल्या. अप्पांचा चेहरा होता तसाच. काशीबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बगा, बगा सगळ्यांनी. चार लोकांत नाव घेतलं, पाया पडायचं तेवढं ऱ्हायलं, तरी ह्यांचा राग जाईना."

"अगं, हसलो की मी," अप्पा म्हणाले.

"कुठं हसलात?"

"हसलो की. लई हसू आलं. रशीदभाईला इचार, त्यानला दिसलं आसंल."

काशीबाईंनी माझ्याकडं पाहिलं. गौरीनंही. मी कॅमेऱ्याचा छोटा पडदा वळवला, शूटिंग मागं नेलं आणि कॅमेरा अप्पांच्या हातात दिला. त्यांनी आपला चेहरा पाहिला. उखाणा ऐकू आला, लोकांचं हसणं ऐकू आलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. दोनदा पाहिलं.

"ह्यो म्याच हाय व्हय?" त्यांनी विचारलं. मग कॅमेरा मला परत देत, "पर म्या तर हसलो व्हतो."

मॅडम पुढं आल्या. त्यांनी अप्पांची बोटं उघडझाप करून पाहिली, हॉलमध्ये चालायला लावलं. चालताना उजवा हात अंगाला चिकटलेला राहत होता, ते मग आम्हालाही दिसलं. अप्पांच्या हातचं लिहिलेलं काही आहे का, असं त्यांनी विचारलं. काशीबाई घरून एक वही घेऊन आल्या. अप्पा रोज सकाळी पूजेनंतर त्यात पानभर 'ॐ नमः शिवाय' लिहितात. पहिल्या पानांवर अक्षर टपोरं. पुढं पुढं बारीक होत गेलेलं. शेवटच्या पानांवर मुंग्यांची रांग. काशीबाईंना वाटलं होतं, वही पुरवून वापरतायत.

मॅडमनी दोघांना शेजारी बसवून सांगितलं. कंपवाताची सुरुवात आहे. हात कापत नाहीत म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पुरता बरा होणारा आजार नाही, पण औषधं चांगली आहेत, व्यायाम केला तर बरीच वर्षं दुकान, फिरणं, सगळं नीट चालेल. चेहरा असा होणं हा आजाराचा भाग आहे. आतून माणूस हसतो, त्याला वाटतं आपण हसलो, पण चेहऱ्यावर ते उमटत नाही.

काशीबाई एकदम हात जोडून म्हणाल्या, "शिवा शिवा! आजार हाय व्हय? मग राग न्हाय!"

"नाही, राग नाही," मॅडम गोंधळून म्हणाल्या.

"अवो, मग काय ओ! आजाराचं बघू आपण!" आणि त्यांनी सगळ्यांदेखत अप्पांचा हात धरला. दीड वर्षाचं ओझं बाईच्या अंगावरून उतरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. मॅडम नंतर मला म्हणाल्या, या आजाराची बातमी ऐकून इतकी खूश झालेली बायको मी आजवर पाहिली नव्हती.

पण घरचं झालं थोडं, त्यात व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत होती. जळकोटचा निरोप अजून तसाच पडून होता. अप्पांची भावकी जमली आणि सगळ्यांचं एकमत झालं की आजाराचं नाव काढायचं नाही. बापाला मेंदूचा आजार म्हटलं की उद्या कुणी पोरीकडंही संशयानं बघेल. त्यापेक्षा देवाला कौल लावला होता, मौन होतं, काहीतरी सांगू. गौरी दाराआड उभी होती. तिला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही.

अप्पा शेवटी बोलले. आवाज बारीक, म्हणून सगळ्यांना पुढं झुकावं लागलं.

"रुसलेला बाप म्हणून सोयरीक मोडण्यापरीस आजारी बाप म्हणून मोडलेली बरी. खरं सांगू आन् मग मोडली तर मोडली. रशीदभाई, तुमी चला माझ्यासंगं. तुमच्याच यंत्रानं घोळ घातलाय."

मी गेलो. अप्पा, काशीबाई आणि मी. जळकोट हायवेवरचं गाव, मल्लप्पांचा मळा रस्त्यालगतच. त्यांनी बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं, चहाही आला, पण बोलणं तुटक. मी माझ्या कॅमेऱ्यातलं शाळेतलं शूटिंग दाखवलं, तेरखेड्याची फजिती सांगितली, मॅडमची चिठ्ठी पुढं ठेवली. मल्लप्पा ऐकत होते, त्यांची मिशी काही हलत नव्हती. एक क्षण मला वाटलं, यांच्यावरही खूण करावी.

मग अप्पा म्हणाले, "व्याही, त्या दिशी म्या सकाळपासून हसत व्हतो. तुमी गळ्यात पडला तवा तर लईच हसलो. तुमाला दिसलं न्हाय. माज्या बायकोलाबी दिसलं न्हाय. माजं मलाबी ठावं नव्हतं. आजार हाय, त्यो ऱ्हाणार. आता पोरगी करायची का न्हाय, ते तुमी ठरवा. पर मनात न्हाय असं मात्र म्हणू नका."

मल्लप्पांचे डोळे ओले झाले.

"आमच्या आईचं असंच झालतं," ते म्हणाले. "मागाहून हातबी कापाय लागले. पर त्याच्याआधी तीन-चार साल तोंड असंच. आमी म्हणत व्हतो, म्हातारीला माज आलाय, नातवंडांकडं बघून हसतबी न्हाय. म्या सोता लई बोललो तिला." त्यांनी नाक पुसलं. "हसत आसंल का ओ ती?"

"हसत आसंल की," अप्पा म्हणाले. "म्या हसतोय तसंच."

"म्हंजी आत्ता हसताय?"

"व्हय."

"आन् मगाशी च्यात साखर कमी म्हणून म्या आत वरडलो तवा?"

"तवाबी हसलो."

मल्लप्पा मोठ्यानं हसले. मळ्यातली कुत्री उठून उभी राहिली इतकं. मग त्यांनी अप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. "मग आसं करा, अप्पा. हसलं की सांगत जावा. आमी साधी माणसं. सांगितलं की कळतंय आमाला." आणि आत तोंड करून ओरडले, "अगं, साखर घालून पुन्ना च्या कर! लग्नाची तारीख धरायचीय!"

औषधं सुरू झाली. मॅडमनी आरशापुढं करायचे व्यायामही शिकवले. अप्पा दुकानातल्या आरशापुढं रोज गाल फुगवतात, भुवया चढवतात आणि समोरचा दुकानदार त्यांना वेडावून दाखवतो, असा तो दुहेरी व्यायाम चालतो. औषधानं चालणं मोकळं झालं, आवाज थोडा उघडला. कधी कधी ओठांचा एक कोपरा वर जातो. काशीबाई तेवढ्यावर शेजारणींना बोलावून दाखवतात.

लग्न माघात झालं. शूटिंग अर्थात माझंच. अप्पा मांडवभर फिरत होते आणि दर दहा पावलांवर कुणाला तरी सांगत होते, "हसतोय बरं का." पहिल्यांदा पाहुण्यांना कळेना. मग मल्लप्पांनीच माईक हातात घेऊन जाहीर केलं की आमचे व्याही हसले की तोंडानं सांगतात, कुणी गैरसमज करून घेऊ नये. झालं. पंगतीत पोरं मुद्दाम जाऊन विचारू लागली, "अप्पा, आता?" "हसतोय." "आन् आता?" "तुजं तोंड बगून जास्त हसतोय." वऱ्हाड हसून हसून बेजार. मी पस्तीस वर्षं लग्नं काढतोय, इतका हसणारा मांडव माझ्या कॅमेऱ्यात दुसरा नाही. आणि तो हसवत होता तो माणूस, ज्याच्या चेहऱ्यावर त्यातलं जवळपास काहीच दिसत नव्हतं.

पाठवणीची वेळ आली. गाडीचं दार उघडं. बायका डोळे पुसत होत्या, काशीबाईंना दोघींनी धरलं होतं, मल्लप्पासुद्धा उपरण्यात तोंड लपवून उभे. गौरी अप्पांच्या पाया पडली. अप्पा तसेच उभे, चेहरा स्थिर. वऱ्हाडातल्या एका बाईनं शेजारच्या बाईकडं पाहिलंसुद्धा. अप्पांनी गौरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाले, "गौरे, म्या रडतोय बरं का."

"सांगू नका अप्पा," गौरी म्हणाली. "मला दिसतंय."